1287 अंशांना वितळणारा धातू 15 कोटी अंशांच्या शेजारी कशाला?

नाशिकच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "सर, फ्यूजन रिअॅक्टरच्या आतल्या भिंतीला बेरिलियम लावतात असं वाचलं. ते 1287 अंश सेल्सिअसला वितळतं, टंगस्टन 3422 ला. मग बेरिलियम घेतलंच का? आणि आता फ्रान्समधल्या ईटर प्रकल्पाने ते काढून टंगस्टन घेतलं, म्हणजे आधीचा निर्णय चुकला होता का? आमच्या ग्रुपला प्रोजेक्टसाठी अंबडच्या एका मोल्डवाल्याकडून बेरिलियम कॉपरचा तुकडा मिळतोय. त्यावर गॅस टॉर्च मारून टेस्ट केली तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालणार नाही. तुकडा घेऊन आला असाल तर त्याला कानस, ग्राइंडर, एमरी, टॉर्च काहीही लावू नका. पिशवीत घालून जसा आणला तसा परत द्या. असं का, ते पुढे येईलच.

माझी ओळख एवढीच की मी सातपूरला व्हॅक्यूम फर्नेसवर ब्रेझिंग करतो, म्हणजे मध्ये लवकर वितळणारा धातू वाहवून दोन धातू जोडतो, 26 वर्षं झाली. तांबं, स्टेनलेस, मॉलिब्डेनम, टंगस्टन यांचे सांधे हे माझं रोजचं काम. शुद्ध बेरिलियम मी कधी हातात धरलेलं नाही आणि माझ्या शेडमध्ये येऊही देणार नाही. पण प्लाझ्माला, म्हणजे रिअॅक्टरमधल्या अतितप्त वायूला, तोंड देणारी फरशी आणि तिच्यामागचं पाण्याने गार होणारं तांबं यांचा सांधा हा माझ्याच धंद्यातला विषय आहे. त्यामुळे त्याबद्दल वाचत, त्यातल्या लोकांना विचारत आलो.

तुझ्या प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे: भिंतीचं काम उष्णता सोसणं, म्हणून जो धातू जास्त तापमानाला वितळतो तो चांगला. ते एकदा बाजूला ठेव आणि भांडी बाजारात जाऊन कल्हई होताना बघ. आता करणारे फार थोडे उरलेत, पण आहेत. तांब्या-पितळेचं पातेलं भट्टीवर तापवतात, आत नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवली की ती लोण्यासारखी पाघळते आणि कापसाच्या बोळ्याने ती आतून फिरवतात. दोन मिनिटांत पातेलं आतून चांदीसारखं. आता विचार कर, कथील 232 अंशांना वितळतं. चुलीवर चढणाऱ्या भांड्याच्या आतून इतक्या लवकर वितळणारा धातू लावायचं कारण काय? कारण तिथे प्रश्न अन्नाचा आहे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, तांबं अन्नात उतरतं. कथील अन्नात थोडंफार गेलं तरी चालतं. आणि भांड्यात जोवर पाणी आहे तोवर आतला थर 232 च्या जवळपासही जात नाही.

बेरिलियम ही फ्यूजनच्या भांड्याची कल्हई आहे. ते झिजणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. झिजून प्लाझ्मात गेल्यावर ते किती बिघडवतं, यावर निवड झाली.

टोकामॅक म्हणजे फ्यूजनचं, हलके अणू जोडून ऊर्जा काढण्याचं, यंत्र. त्यात ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड भावंडांचा प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने अधांतरी धरलेला असतो, गाभ्यात सुमारे 15 कोटी अंश. आकडा ऐकून छाती दडपते, पण हा वायू अत्यंत विरळ असतो. ईटरच्या 800 हून जास्त घनमीटर पोकळीत एका वेळी असलेलं इंधन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. तो गाभा भिंतीला टेकत नाही. टेकतात ते कडेने निसटणारे कण, प्रकाश आणि न्यूट्रॉन. कडेचे कण भिंतीवर आपटून तिचे अणू उडवतात आणि त्यातले काही आत शिरतात. बेरिलियमचा अणुक्रमांक 4. आत गेल्यावर त्याचे चारही इलेक्ट्रॉन निघून जातात. उघडं पडलेलं अणुकेंद्र थोडी ऊर्जा किरणांवाटे घालवतं, थोडी इंधनाची जागा अडवतं, बस्स. शेकड्यात एखाद-दुसरा अणू बेरिलियमचा झाला तरी प्लाझ्मा तग धरतो. टंगस्टनचा अणुक्रमांक 74. इतक्या तापमानालाही त्याचे सगळे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. उरलेले सतत उत्तेजित होतात, प्रकाश टाकतात, पुन्हा उत्तेजित होतात, आणि अशी प्लाझ्माची ऊर्जा बाहेर गळत राहते. त्यामुळे टंगस्टन चालतं ते लाखात काही अणू एवढंच. त्याच्या वर गेलं की गाभा थंड पडायला लागतो.

मग कार्बन का नको, असं विचारशील. त्याचा अणुक्रमांक 6, तो वितळतही नाही. वर्षानुवर्षं जगभरच्या टोकामॅकमध्ये ग्रॅफाइटच होतं. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या आदित्य आणि एसएसटी-1 मध्येही ग्रॅफाइट वापरलं. साध्या हायड्रोजनवर चालणाऱ्या यंत्राला ते उत्तम. पण ट्रिटियम आलं की गणित बदलतं. कार्बन हायड्रोजनशी रासायनिक संयोग पावतो, त्याचे हायड्रोकार्बन होऊन दूरच्या फटींत, थंड कोपऱ्यांत थर साचतात आणि त्या थरांत ट्रिटियम अडकून बसतं. ट्रिटियम किरणोत्सारी, मिळायला दुर्मीळ, अर्धायुष्य 12.3 वर्षं. भिंत ते गिळायला लागली तर इंधन संपतं आणि सुरक्षेची मर्यादाही ओलांडली जाते.

याची खरी परीक्षा इंग्लंडमध्ये कलहॅमच्या जेट या टोकामॅकवर झाली. तिथे 1989 पासूनच बेरिलियमची वाफ भिंतीवर बसवून पाहत होते. मग 2011 मध्ये आतली कार्बनची फरशी काढून मुख्य भिंतीला बेरिलियम आणि तळाच्या डायव्हर्टरला, म्हणजे कडेने निसटणारे कण आणि उष्णता जिथे ओढून घेतात त्या भागाला, टंगस्टन लावून यंत्र पुन्हा सुरू केलं, अगदी ईटरचं नियोजन होतं तसं. भिंतीत अडकणारं इंधन दहा पटींहून अधिक घटलं. प्लाझ्मातला ऑक्सिजनही कमी झाला, कारण बेरिलियमला ऑक्सिजनची फार ओढ. सापडेल तो ऑक्सिजन ते ऑक्साइड करून धरून ठेवतं. म्हणजे भिंतच पंपाचं काम करते. ज्याने निर्वातात काम केलंय त्याला याची किंमत कळते. माझ्या भट्टीत दाराच्या गॅस्केटमधून किंचित हवा आली की अख्ख्या बॅचचे सांधे काळे पडतात.

या भिंतीनिशी जेटने डिसेंबर 2021 मध्ये पाच सेकंदांत 59 मेगाजूल आणि ऑक्टोबर 2023 मध्ये 69 मेगाजूल फ्यूजन ऊर्जा काढली, दुसऱ्या वेळी 0.2 मिलिग्रॅम इंधनातून. तेव्हा "निर्णय चुकला का" याला माझं उत्तर ठाम नाही असं आहे. सगळं सुरळीत झालं असंही नाही. टंगस्टन गाभ्यात शिरू नये म्हणून कडेला जास्त वायू सोडावा लागला, आणि सुरुवातीला त्यामुळे प्लाझ्माची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कमी झाली होती.

आता वितळण्याचं. तुझ्या ग्रुपने हे गणित स्वतः कागदावर करावं. ईटरच्या भिंतीचा साधारण भाग धर, त्यावर उष्णता दर चौरस मीटरला 2 मेगावॅट. वैशाखातल्या भर दुपारी गंगापूर धरणाच्या भिंतीवर जेवढं ऊन पडतं त्याच्या सुमारे 2000 पट. बेरिलियमचा थर 10 मिलिमीटर, तापलेल्या अवस्थेतली त्याची उष्णतावाहकता साधारण 130 वॅट प्रति मीटर केल्विन. भागाकार केला की थराच्या दोन बाजूंत फरक येतो तो दीडशे अंशांच्या आसपास. मागे तांबं-क्रोमियम-झिर्कोनियमचा मिश्रधातू, त्यात वाहतं पाणी. पृष्ठभाग 1287 च्या कितीतरी खाली राहतो. पातेल्यात पाणी असताना कथील वितळत नाही, तेच. हाच हिशेब 10 मेगावॅटला कर, जेवढा भार डायव्हर्टरवर येतो. फरक पावणेआठशेच्या आसपास जातो, शिवाय तापल्यावर वाहकता घसरते, म्हणजे खरा आकडा आणखी वाईट. म्हणून ईटरच्या तळाला बेरिलियम ठेवलं नाही, तिथे टंगस्टनच.

हे झालं शांत प्लाझ्माचं. प्लाझ्मा अचानक कोसळतो तेव्हा काही मिलिसेकंदांत सगळी ऊर्जा भिंतीवर येते, आणि तेवढ्या वेळात उष्णता मागच्या पाण्यापर्यंत पोचतच नाही. मग पृष्ठभाग वितळतो. जेटच्या वरच्या बाजूच्या बेरिलियम फरशांवर हे घडलं. वितळलेला थर विजेच्या आणि चुंबकाच्या बळाने सरकला आणि कडांवर ओघळून गोठला. त्याचे फोटो पाहिलेस तर मेणबत्तीच्या ओघळांची आठवण येईल. कल्हई पुन्हा करता येते. इथे मात्र भिंत किरणोत्सारी झालेली, माणूस आत जाऊ शकत नाही, प्रत्येक फरशी रोबोटच्या हाताने बदलायची.

माझ्या आवडीचा भाग सांध्याचा, तेव्हा तिथे थोडा थांबतो. बेरिलियम आणि तांबं यांचं प्रसरण फार वेगळं नाही, साधारण 11 आणि 17 मायक्रोमीटर, दर मीटरला दर अंशाला. टंगस्टन मात्र 4.5 च, म्हणजे टंगस्टन-तांबं सांधा तापला-निवला की जास्त ताणला जातो. त्या बाबतीत बेरिलियम सोपं. पण दोघांचं रसायन वाईट: गरम सांध्यात तांबं आणि बेरिलियम एकमेकांत शिरून काचेसारखे ठिसूळ थर बनवतात. त्यामुळे मध्ये टायटॅनियमसारख्या धातूचा पातळ थर घालून, उच्च दाबाच्या वायूखाली तापवून जोडण्याच्या पद्धती निघाल्या. आमच्या धंद्यात सगळ्यात हुकमी ब्रेझ म्हणजे 72 टक्के चांदी, 28 टक्के तांबं, 780 अंशांना एका क्षणात वाहतं. फ्यूजनमध्ये ते टाळतात, कारण न्यूट्रॉनच्या माऱ्यात चांदीचं हळूहळू कॅडमियम होतं आणि कॅडमियम निर्वातात उडतं. आणि मागचा मिश्रधातू 500 अंशांच्या पुढे फार वेळ ठेवला तर मऊ पडतो, म्हणजे भट्टीचं तापमान वरून आणि खालून दोन्हीकडून बांधलेलं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती, इतकी ती अडचण सुंदर वाटली.

फरशांना खोल चिरा देऊन बारीक चौकोन पाडतात, जुन्या वाड्यातल्या चॉकलेटी फरशीसारखे. सलग फरशी तापली की पृष्ठभाग फुगायला बघतो, खालचा थंड भाग धरून ठेवतो, आणि तडा जातो. चिरा दिल्या की प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे फुगतो. तुमच्या प्रोजेक्टला हे लक्षात ठेवा.

न्यूट्रॉनबद्दल एकच मुद्दा. फ्यूजनमधून निघणारा 14.1 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन बेरिलियमवर आदळला की त्यातून दोन न्यूट्रॉन आणि दोन हेलियम निघू शकतात. ब्लँकेटमध्ये, म्हणजे भिंतीमागच्या जाड थरात, ट्रिटियम पिकवायला हे जादा न्यूट्रॉन हवेच असतात, त्यासाठी बेरिलियमची गरज पुढेही राहील. पण भिंतीत तोच हेलियम बुडबुडे करून धातू फुगवतो आणि ठिसूळ करतो. पुढच्या, सतत चालणाऱ्या वीजनिर्मितीच्या रिअॅक्टरमध्ये झीजही इतकी होईल की काही मिलिमीटरची भिंत पुरणार नाही. मग पुढच्या रिअॅक्टरला जी भिंत लागणार, तिच्यावरच ईटरमध्ये शिकलेलं बरं, हा टंगस्टनच्या बाजूचा मोठा युक्तिवाद. मध्यंतरीच्या काळात जर्मनीत गार्शिंगच्या अॅसडेक्स अपग्रेड या टोकामॅकने 2007 पासून पूर्ण टंगस्टन भिंतीवर काम करून दाखवलं होतं, त्यामुळे धीर आला होता. ईटरने 2023 मध्ये बदल मांडला आणि 2024 च्या नव्या आराखड्यात तो आला. ऑक्सिजन धरून ठेवणारं बेरिलियम गेलं, म्हणून आता भिंतीवर अधूनमधून बोरॉनचा पातळ लेप द्यावा लागणार आहे. बघ, कल्हई सुटली नाहीच, फक्त कथील बदललं.

बदलामागे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या लेखी तेच सगळ्यात मोठं. ईटरमध्ये साधारण 12 टन बेरिलियम बसणार होतं. ते कापणार, घासणार, बसवणार, झिजल्यावर त्याची धूळ गोळा करणार कोण? माणसंच. शिवाय पाण्याची नळी फुटून वाफ तापलेल्या बेरिलियम धुळीवर गेली तर हायड्रोजन तयार होतो, त्याचा हिशेब वेगळा.

बेरिलियमची धूळ श्वासातून गेली की काही लोकांची प्रतिकारशक्ती तिच्याविरुद्ध कायमची जागी होते. सगळ्यांची नाही. कोणाची होईल हे बऱ्याच अंशी जनुकांवर ठरतं, त्यामुळे "मला इतकी वर्षं काही झालं नाही" या वाक्याला शून्य किंमत आहे. मग फुप्फुसात गाठी होतात, दम लागायला लागतो. आजार कधी कधी दशकांनी वर येतो, आणि सार्कॉइडोसिस या गाठी करणाऱ्या दुसऱ्या आजारासारखा दिसत असल्याने ओळखूही येत नाही. तो पूर्ण बरा होत नाही. शिकागोत 1942 मध्ये फर्मींच्या पहिल्या अणुभट्टीवर काम केलेले हर्बर्ट अँडरसन त्या काळात बेरिलियमच्या संपर्कात आले आणि 1988 मध्ये याच आजाराने गेले. अमेरिकेने 2017 मध्ये कामाच्या ठिकाणची मर्यादा दहा पटीने कमी करून आठ तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत 0.2 मायक्रोग्रॅम केली. 500 मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या गोळीत जेवढं औषध असतं तेवढंच बेरिलियम घे. ते 25 लाख घनमीटर हवेला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं.

म्हणून भारतात शुद्ध बेरिलियमचं काम नवी मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अखत्यारीत, बंदिस्त पेट्यांत, हवा ओढून गाळून चालतं. आणि म्हणूनच तुझ्या मोल्डवाल्याचा तुकडा मला खटकला. बेरिलियम कॉपरमध्ये बेरिलियम अर्धा ते दोन टक्केच असतं. तुकडा हातात धरून काही होत नाही, साच्यात बसवून वापरल्याने काही होत नाही. कोरडं घासलं, वेल्डिंग केलं, वितळवलं की धूळ आणि धूर होतो, आणि तिथून सगळं सुरू होतं. तुमचा टॉर्च नेमकं तेच करणार होता. हा मिश्रधातू हजार अंशांच्या आसपासच वितळतो.

मी सात-आठ वर्षांपूर्वी एका शेडमध्ये गेलो होतो, कुठली ते सांगत नाही. विशीतला एक मुलगा साच्याचा सोनेरी इन्सर्ट पेन्सिल ग्राइंडरने घासत होता. तोंडाला रुमाल नाही, एक्झॉस्ट नाही. घासून झालं की तो एअर गनने धूळ उडवायचा, आणि उन्हाच्या तिरिपेत ती चकाकत वर जायची. त्याने इन्सर्ट डोळ्यांजवळ धरून पृष्ठभाग पाहिला, फुंकर मारली, पुन्हा घासायला घेतलं. मी विचारलं हे काय आहे, तो म्हणाला, "बीसीयू आहे काका, तांब्यासारखंच, पण कडक." त्यातलं "बी" म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मालकाशी बोललो, त्यांनी मान डोलावली. महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा तो मुलगा काम सोडून गेला होता. त्याचा चेहरा अजून आठवतो. तुमच्यापैकी जे अंबड-सातपूरला इंटर्नशिप करतात त्यांनी बेरिलियम कॉपर घासलं जाताना दिसलं तर पाण्याखाली किंवा कुलंटमध्ये घासायला सांगा, हवा खेचणारा एक्झॉस्ट लावायला सांगा, एअर गन बंद करायला सांगा. ऐकलं नाही तर त्या कोपऱ्यात उभे राहू नका.

प्रोजेक्ट सोडायचं कारण नाही. टंगस्टन-तांबं घ्या, जगही आता तिकडेच चाललंय, आणि गांधीनगरला अशा सांध्यांवर इलेक्ट्रॉनचा झोत मारून तपासण्याची सोय आहे, पुढे शिकायचं असेल तर तिथे दार उघडं मिळेल. टंगस्टनचा 3 मिलिमीटर जाडीचा लहान पत्रा आणा. टिग वेल्डिंगच्या रॉडवर काही करून बघायचं ठरवलंत तर हिरव्या टोकाची, शुद्ध टंगस्टनची घ्या. लाल टोकाच्या रॉडमध्ये थोरियम असतं, ती घासायची नाही. एक नमुना सलग ठेवा, दुसऱ्याला वायर कटवर चिरा पाडून चौकोन करा. दोन्ही तांब्याच्या ठोकळ्यावर मी भट्टीत ब्रेझ करून देतो, तुम्हाला चांदीवालं ब्रेझ चालेल, तुमच्याकडे न्यूट्रॉन नाहीत. मग दोन्ही नमुने 400 अंशांना तापवून पाण्यात बुडवायचे, पुन्हा तापवायचे, दर दहा फेऱ्यांनी डाय पेनेट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा लाल रंग) लावून कडेला लाल रेघ उमटते का पाहायचं. सलग नमुन्याची कड आधी सुटावी असा माझा अंदाज आहे. कितव्या फेरीला, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

शनिवारी दुपारनंतर भट्टी रिकामी असते. येण्याआधी वरचं गणित 2, 5 आणि 10 मेगावॅटला करून आणा, आणि तो तुकडा परत दिल्याचं मला कळवा.